सुचित्राकाकूंचा शुक्रवार

जहीर मिस्त्री दर शुक्रवारी रात्री नऊच्या जरा आधी घरातून निघायचा आणि रस्ता ओलांडून सुचित्राकाकूंकडे जायचा. काम म्हणाल तर फक्त दोनशे रुपये द्यायचे. शंभराच्या दोन नोटा घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलेल्या असायच्या. काम पाच मिनिटांचं, पण मिस्त्री दहा वाजल्याशिवाय परत यायचा नाही.

गोष्ट मारेगावची आहे. आणि पोट्टेहो, आधी ते मोबाइल खिशात घाला, नाहीतर उठा आणि घरी जा. मी कुणाला बळजबरीने ऐकवत नाही. ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही आणि कुणाच्या मामाच्या मित्राचीही नाही. जहीर मिस्त्री माझ्या ओळखीचा माणूस. त्याचं दुकान अजून आहे, वाटलं तर जाऊन पाहून या. फक्त त्याला यातलं काही विचारू नका. तो तुम्हाला चहा पाजेल, पण बोलणार नाही.

दोन हजार सहा-सातचे दिवस. तुम्ही तेव्हा रांगत होतात. दिवसाला बारा-बारा तास लोडशेडिंग, आणि मी लाइनमन. त्या दोन वर्षांत मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या भाकरी खाल्ल्या नसतील. मारेगावात रस्त्याच्या अलीकडची घरं एका फीडरवर आणि पलीकडची दुसऱ्या. म्हणजे अलीकडे अंधार असला की पलीकडे उजेड, आणि पलीकडे अंधार असला की अलीकडे. लोक भांडीकुंडी घेऊन रस्ता ओलांडायचे. कुणी मिक्सर घेऊन, कुणी मोबाइल चार्जिंगला लावायला, कुणी नुसतं पंख्याखाली बसायला.

जहीरचं काम मोटारी बांधायचं. विहिरीवरची मोटार जळली की आतली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश पाजून वाळवायची. लाइट कमी-जास्त व्हायची, मोटारी धडाधड जळायच्या, दुकानापुढे रांग लागायची. पाहणाऱ्याला वाटायचं, मिस्त्रीची चांदी आहे. पण कापसाचा भाव असा बसला होता की मोटार नेणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'मिस्त्री, कापूस इकला का देतो.' कापूस विकला जायचा, पैसे दुसरीकडेच जायचे, आणि हा बिचारा मागायचाही नाही. ज्या भागात रोज एका शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी येत होती तिथे मोटारीचे पैसे मागायला तोंड कसं उघडणार? शेवटी तारेच्या व्यापाऱ्याने उधार बंद केली. तार नाही तर दुकान नाही. तेव्हा त्याने सुचित्राकाकूंकडून वीस हजार घेतले.

काकूंचे यजमान तहसील कचेरीत होते. ते गेल्यावर काकू एकट्या. एकुलता एक मुलगा साकेत पुण्याला, कंपनीत. त्यांच्या बोअरची मोटार जहीरच पाहायचा, तेवढीच ओळख. कागद नाही, साक्षीदार नाही. काकूंनी कपाटातून पैसे काढले आणि त्याच्या हातावर ठेवले.

"व्याज किती, काकू?" जहीरने विचारलं.

"तुमच्यात व्याज चालत नाई ना? मंग मी कायले घेऊ?" काकू म्हणाल्या. "दर शुक्रवारी दोनशे देजो. पण सोता येऊन देजो. कोणाच्या हातून पाठवू नोको."

शुक्रवारच का, ते पहिल्याच शुक्रवारी कळलं. त्या रात्री नऊला 'बावडी' नावाची हिंदी सिरियल लागायची. जहीर त्या सिरियलचा असा वेडा होता की तिच्यापायी एकदा एक चांगली मोटार त्याच्या हातून जळाली होती. आणि शुक्रवारी नऊला त्याच्या बाजूला अंधार, काकूंच्या बाजूला उजेड. मग काय पाहिजे?

सिरियल अशी, की एका मुलीला कुणीतरी जुन्या विहिरीत ढकलून मारलेलं असतं. ती दर भागात एक पायरी वर चढते. शेवटच्या पायरीवर आली की ती ढकलणाऱ्याचं नाव सांगणार. वर्षभर सगळा जिल्हा त्या नावासाठी खोळंबला होता. आमच्या सबस्टेशनवर पैजा लागल्या होत्या.

पण काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टीव्हीवर त्यांना नुसता धूर दिसायचा. साकेत रजा काढून आला की ऑपरेशन करू, म्हणून वर्ष गेलं होतं. आणि भुताच्या सिरियलमध्ये कुणी बोलत नाही हो, नुसतं ढँण ढँण वाजतं. त्यामुळे जहीरला सांगावं लागायचं. तो खाली सतरंजीवर बसायचा, काकू खुर्चीत.

"आता तिनं पायरीवर हात ठेवला, काकू."

"मंग?"

"मंग वरून कोनी तरी कंदील घेऊन येऊन राह्यलं."

"कोन? बाई हाये का माणूस?"

"तोंड नाई दाखवून राह्यले."

"मंग?"

काकूंचं हे 'मंग' फार ओढीचं होतं. लहान पोर विचारतं तसं. सिरियल संपली की त्या चहा करायच्या, नोटा घ्यायच्या, चाचपून पाहायच्या आणि म्हणायच्या, "आता पुढच्या शुक्रवारी." जहीर मला सांगायचा, "नेमसिंगभाऊ, कर्ज फेडून राह्यलो का मेजवानी खाऊन राह्यलो, मलेच समजत नाई."

एकदा कापसाच्या जिनिंगवाल्यांनी त्याच्याकडून पाच-सहा मोटारी एकदम बांधून घेतल्या आणि रोख पैसे दिले. जहीर खूश. पाच हजार घेऊन बुधवारीच काकूंकडे गेला. काकूंनी नोटा हातात घेतल्या, मोजल्याही नाहीत, एक उसासा टाकला आणि परत दिल्या.

"एवढे एकदम कायले देऊन राह्यला?" त्या जरा रागानेच म्हणाल्या. "आज काय शुक्रवार हाये का? जा, तार घे दुकानात."

त्याला वाटलं, म्हातारीचा स्वभाव. तो तार घेऊन आला आणि विसरून गेला. माणूस भला होता, पण या बाबतीत बुद्धू. मी असतो तरी मला कळलं नसतं म्हणा.

दोन हजार सातच्या मे महिन्यात काकू गेल्या. दुपारी पडल्या त्या पडल्याच. अकरा हजार चारशे देणं राहिलं होतं. तो आकडा दोघांनाच माहीत होता, आणि त्यातलं एक माणूस आता नव्हतं.

दहाव्याला आम्ही वीस-पंचवीस जण नदीवर होतो. ऊन असं की वाळूवर पाय ठरत नव्हता. पिंड ठेवला. कावळे होते, झाडावर चांगले आठ-दहा कावळे होते, पण एक खाली उतरेना. साकेत हात जोडून बोलला, "आई, घर विकणार नाही." कावळा हलला नाही. "आई, वर्षश्राद्ध इथेच येऊन करीन." काही नाही. "आई, तुझ्या डोळ्यांचं राहून गेलं, मला माफ कर." आणि तो पोरगा तिथेच रडायला लागला. तासभर झाला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले.

जहीर माझ्या शेजारी उभा होता, मागच्या रांगेत. त्याचा चेहरा मी पाहत होतो. त्याला वाटत होतं, हे माझ्यामुळे चाललंय. पुढे व्हावं आणि सगळ्यांसमोर म्हणावं, की काकू, तुमचे पैसे मी साकेतला देईन. पण चार हातांवर तो तारेचा व्यापारी उभा होता. त्याने महिनाभरापूर्वीच जहीरची उधारी पुन्हा सुरू केली होती. मिस्त्री आणखी कुठे बुडालाय हे त्याला कळलं की दुकानाला कुलूप. जहीरची जीभ उचलली नाही. तो दोन पावलं पुढे झाला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला:

"काकू, 'बावडी'ची गोष्ट मी तुमच्या घरी येऊन सांगत जाईन. शेवटपर्यंत."

मला ऐकू आलं तेवढंच. दुसऱ्या कुणाला आलं नाही.

पोट्टेहो, त्याचं 'शेवटपर्यंत' पुरतं बोलून झालं नव्हतं, तोच एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला चोच लावून गेला.

लोक म्हणाले, डोळ्यांची माफी मागितली म्हणून शिवला. साकेतलाही तेच वाटलं. जहीर घामाने भिजून गेला होता.

साकेतने जाताना घराची किल्ली जहीरकडेच दिली. टीव्ही त्याने कामवाल्या सुखीबाईला देऊन टाकला. जहीरने मेनचे फ्यूज काढून कपाटावर ठेवले, दार लावलं, आणि साकेतला बसवर पोचवून आला. पैशांचं सांगायला तेव्हाही तोंड उघडलं, आणि "पोचल्यावर फोन करजो" एवढंच बाहेर पडलं.

पहिल्या शुक्रवारी तो काही जाणार नव्हता. रिकाम्या घरात बसून कुणाला गोष्ट सांगायची? लोक वेडा म्हणतील. पण त्याची बायको फरहाना खमकी. त्यांच्या घरची बोली हिंदी, मी आपली आपल्या बोलीत सांगतो.

"जबान दिली ना?" ती म्हणाली. "मंग जा. पंधरा मिन्टं लागते."

नशीब असं की जूनपासून आमचं वेळापत्रक बदललं होतं. आता शुक्रवारी नऊला जहीरच्या बाजूला उजेड आणि काकूंच्या बाजूला अंधार. त्याने घरीच सिरियल पाहिली, बॅटरी घेतली, आणि पावणेदहाला पलीकडे गेला. काकूंची खुर्ची तिथेच होती. तो सतरंजीवर बसला, लाजत लाजत, घाईघाईने सगळा भाग सांगितला आणि निघाला. काही झालं नाही. घरी येऊन तो हसलाही.

दुसऱ्या शुक्रवारी तो जरा रंगात आला. सवयीचा सांगणारा. "तिनं मागं वळून पाह्यलं, काकू. मागं पाणी नाई, नुसते केस..." इथे तो दम घ्यायला थांबला.

"मंग?"

त्याने ते ऐकलं. खुर्चीतून. तीच ओढ, तोच आवाज.

बॅटरी तिथेच टाकून तो पळत रस्ता ओलांडून आला. पायात चप्पलही नाही. फरहानाने पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला.

"ती बाई वाईट करनारी नव्हती," ती म्हणाली. "कबूल केलं ते पुरं करा. मी दारात उभी राह्यतो."

ती अलीकडे आपल्या दारात उभी राहायची आणि हा पलीकडे जायचा. जायची भीती होतीच, पण न जाण्याची भीती जास्त होती. जून गेला, पोळा गेला, गणपती गेले. दर शुक्रवारी तो सांगायचा, आणि दम घ्यायला थांबला की अंधारातून यायचं, 'मंग?' त्याने खुर्चीकडे कधी बॅटरी मारली नाही. मी विचारलं, "काहून नाई मारली?" तो म्हणाला, "भाऊ, खुर्ची रिकामी दिसली असती तर मी काय केलं असतं? अन् नसती दिसली तर?"

दोनशे रुपये मात्र तो नेत नव्हता. द्यायचे कुणाला? साकेतला फोन करावा असं रोज वाटायचं आणि रोज राहून जायचं. आत कुठेतरी त्याने हिशेब घातला होता, की गोष्ट सांगतोय ना, त्यात भागतंय. माणूस स्वतःला किती सहज फसवतो पाहा.

आणि ऑक्टोबरात 'बावडी' बंद पडली.

संपली नाही हो, बंद पडली. मुलीच्या तीन पायऱ्या राहिल्या होत्या. नऊ वाजले, आणि तिच्या जागी हसायचा कार्यक्रम सुरू झाला. चॅनेलवाल्यांना तिचं पुढचं काही करायचं नव्हतं. ढकललं कुणी, ते आजवर कुणाला माहीत नाही. आमच्या पैजा तशाच राहिल्या.

जहीर पलीकडे गेला. सतरंजीवर बसला.

"काकू, सिरियल बंद झाली. शेवट दाखवलाच नाई."

बाहेर कुत्रं भुंकत होतं तेही थांबलं.

"आता सांगायले काही राह्यलं नाई, काकू. मी... मी निघतो."

"मंग?"

तो तसाच उठला आणि बाहेर आला. आठवडाभर जेवण गेलं नाही. पुढच्या शुक्रवारी त्याने ठरवलं, शेवट आपणच रचायचा. सगळी बुद्धी लावून त्याने रचला, की ढकलणारा तिचा दीर होता, तिने नाव सांगितलं, त्याला पकडलं, तिला मुक्ती मिळाली, विहिरीत कमळं फुलली. चांगला शेवट होता. त्या चॅनेलवाल्यांना सुचला नसता.

"मंग?"

"मंग काही नाई, काकू. संपलं."

"...मंग?"

आवाज खुर्चीतून आला नव्हता. खुर्ची आणि सतरंजी यांच्या मधून आला होता.

त्या रात्री त्याने फरहानाला सगळं सांगितलं. पैसे, नदी, व्यापारी, साकेतसमोर गिळलेले शब्द. तिला कर्ज माहीत होतं, लपवलेलं माहीत नव्हतं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "ती गोष्ट मागून नाई राह्यली. ती पैसे मागून राह्यली. उद्या आपण मेलो तर हे कर्ज कबरीत येते आपल्यासंगं. एकदम देऊन टाका. आत्ताच्या आत्ता."

जहीरलाही ते पटलं. मला सांगितलं असतं तर मलाही पटलं असतं. त्याने आपली एम-एटी गाडी विकली, जिच्यावर मोटारी लादून तो मुकुटबनपर्यंत जायचा. कमी पडले ते फरहानाच्या कानातल्या बाळ्यांचे आले. अकरा हजार चारशे पुरे झाले.

कोजागिरीनंतरच्या रविवारी साकेत घर पाहायला आला होता. जहीरने त्याच्यापुढे नोटा ठेवल्या आणि सगळं कबूल केलं. भुताचं सोडून.

साकेतने नोटा पुढे ओढल्या. मग म्हणाला, "जहीरभाई, तुम्ही नसतं सांगितलं तरी मला कळलं नसतं."

"म्हनूनच सांगून राह्यलो," जहीर म्हणाला.

साकेतने जहीरसमोर नोटा मोजल्या, पाकिटात घातल्या, पाकीट चिकटवलं, बॅगेत ठेवलं. रात्रीच्या बसने पुण्याला गेला. बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा जहीरला रडू आलं, सुटल्याचं रडू. मुकुटबनचा रस्ता आता सायकलने मारावा लागणार होता, पण तो त्या रात्री सहा महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपला.

आता नीट ऐका.

शुक्रवार, दोन नोव्हेंबर, दोन हजार सात. दिवाळीला एक आठवडा. अंधारा पंधरवडा.

नऊ वाजले. जहीर जेवायला बसला. पावणेदहा झाले. फरहानाने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आता कायले जाऊ? देनं संपलं." ती मान हलवून उठली. दार लावलं, कडी घातली.

दहाला त्यांच्या बाजूची लाइट गेली. ती रोजच जायची. फरहाना झोपली. जहीर खाटेवर पडून होता. थंडी सुरू झाली होती, खिडक्या बंद होत्या. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग काहीच गेलं नाही.

त्याला झोप लागत होती. लागली असती.

रस्त्यावर चपला घासल्याचा आवाज आला. म्हाताऱ्या माणसाच्या. एक पाऊल. मग थांबणं. मग एक पाऊल. डोळ्यांनी न दिसणारं माणूस रस्ता ओलांडतं तसं.

पलीकडून अलीकडे.

आवाज अंगणात आला.

दाराशी आला.

थांबला.

जहीरने श्वास धरून ठेवला. कडी लावलेली होती. घातल्याचा आवाज त्याने ऐकला होता. कडी वाजली नाही. दार हललं नाही.

"मंग?"

आतून. घराच्या आतून.

तो फरहानाला हाक मारायला गेला. ओठ हलले. आवाज नाही.

"मंग?"

खाटेच्या पायथ्याशी.

त्याने डोळे मिटून घेतले. मनात जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या म्हटल्या. अर्ध्या विसरला. पुन्हा पहिल्यापासून म्हटल्या.

उशीजवळ खाट जरा दबली. कुणीतरी हलकं माणूस टेकावं तेवढीच.

"काकू..." तो कसाबसा बोलला. "पैसे देले ना... समदे देले... साकेतले एकदम..."

शांतता.

खूप वेळ.

मग त्याच्या कानाजवळ एक उसासा आला. रागाचा नाही, असं तो मला शपथेवर सांगतो. रागाचा असता तर बरं झालं असतं, म्हणाला. तसा उसासा त्याने एकदाच ऐकला होता, पण कुठे ते त्याला आठवेना.

खाट मोकळी झाली. चपला पुन्हा घासल्या. अंगणातून... रस्त्यावरून... पलीकडे.

सकाळपर्यंत तो तसाच पडून होता.

शनिवारी सकाळी साडेआठला साकेतचा फोन आला. आवाज अडखळत होता.

"जहीरभाई, रागावू नका. तुमच्या पैशांचं पाकीट मी आणल्या आणल्या कपाटात ठेवलं होतं, कुलपात. आज बँकेत भरायला काढलं. चिकटवलेलं होतं, मीच फाडलं."

"मंग?" जहीरच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याचा त्यालाच काटा आला.

"आत शंभराच्या दोनच नोटा आहेत. बाकी काही नाही. मी तुमच्यासमोर मोजले होते ना? मला काही समजत नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?"

जहीरने फोन ठेवला. तो दुकानाकडे निघाला. का निघाला, ते त्यालाही सांगता येत नाही. तो मला रस्त्यात भेटला, चेहऱ्यावर रक्त नव्हतं, म्हणून मी त्याच्यासोबत गेलो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. शटरला दोन्ही बाजूंनी कुलूप होतं, रात्रभराचं दव पडून गार झालेलं. त्याने कुलपं उघडली, शटर वर ढकललं.

मोटारी बांधायच्या टेबलावर, तांब्याच्या तारेच्या रिळाशेजारी, नोटा होत्या. नीट रचलेल्या. कडा जुळवलेल्या, न दिसणारं माणूस चाचपून चाचपून जुळवतं तशा.

जहीर खाली बसला. मी नोटांना हात लावला नाही. बऱ्याच वेळाने तो उठला आणि मोजायला लागला. एकदा मोजल्या, मग दुसऱ्यांदा मोजल्या.

अकरा हजार दोनशे.

दोनशे पुण्याला, साकेतजवळ. एका शुक्रवारचे.